व्यवस्थापकाशी संपर्क साधा

४ फेब्रुवारी

दादा,

घरच्या कॉम्प्युटरवर गेले काही दिवस एक वाक्य येतंय: 'हे करण्याची तुम्हाला परवानगी नाही. कृपया आपल्या व्यवस्थापकाशी संपर्क साधा.' आमचा व्यवस्थापक म्हणजे तू. म्हणून संपर्क साधते आहे.

तुझा जुना नंबर अस्तित्वात नाही, असं एक बाई फोनवर फार प्रेमाने सांगते. ईमेल पाठवलं तर जसंच्या तसं परत येतं. पत्ता तेवढा एका जुन्या पार्सलच्या पुठ्ठ्यावर सापडला. सहा वर्षांत तू जागा बदलली नसशील असं धरून चालते. बदलली असशील, तर हे पत्र ज्यांच्या हाती पडेल त्यांना कळवते की तुमच्या आधीचा भाडेकरू आमच्या कॉम्प्युटरचा पासवर्ड घेऊन गेला आहे.

काम एवढंच. हा कॉम्प्युटर तू बसवलास तेव्हा 'अपडेटच्या भानगडीत पडू नका, मी ते बंद करून ठेवलंय' असं सांगून गेला होतास. आम्ही पडलो नाही. आता पडायचं आहे. एक नवं सॉफ्टवेअर घालायचंय आणि ते म्हणतं, आधी सहा वर्षांचे अपडेट पुरे करा, मग मी आत येतो. सून घरात घ्यायच्या आधी रंगरंगोटी करावी तसं. पण रंग लावायला व्यवस्थापकाची सही लागते. तेव्हा पासवर्ड पाठव.

सॉफ्टवेअर कशासाठी, तेही सांगायला हवं. आठ डिसेंबरला सकाळी आईच्या मेंदूत रक्ताची गुठळी झाली. घाबरू नकोस, आता घरी आहे. उजवा हात आणि पाय हळूहळू परत येताहेत. बोलणं गेलं. तिला समजतं सगळं, म्हणजे आधी समजायचं तेवढं आणि वर आमचे चेहरे वाचण्याची नवी कला. शब्द मात्र बाहेर येत नाहीत. दवाखान्यातल्या थेरपिस्ट बाईंनी हे सॉफ्टवेअर दिलंय. पडद्यावर चित्र येतं, माणसाने त्याचं नाव घ्यायचं, माइक ऐकतो आणि बरोबर की चूक सांगतो. रोज दोन तास. बाई म्हणाल्या, पहिल्या सहा महिन्यांत जेवढं परत येईल तेवढं खरं, पुढे वेग कमी होतो. त्यातले दोन महिने गेले.

सीडी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मिळाली होती. मग पत्र लिहायला फेब्रुवारी का उजाडला, हे विचारू नकोस. ऑफिसात कामं होती. माझा पाणीपुरवठ्यातला तक्रार विभाग तुला माहीत आहे. तक्रारी आम्ही लिहून घेतो, त्यांचं पुढे काय होतं ते दुसऱ्या मजल्याला ठाऊक.

आईने आशीर्वाद सांगितले आहेत.

तुझी बहीण


२६ फेब्रुवारी

दादा,

तुझं उत्तर मिळालं. उत्तर म्हणजे एक कागद, त्यावर आठ पायऱ्या. वर 'प्रिय' नाही, खाली नाव नाही. सातवीत गणिताच्या पेपरात तू नुसती उत्तरं लिहिलीस आणि पायऱ्या गाळल्यास, म्हणून आईने तिच्याच वर्गात तुझे मार्क कापून तुला बत्तीसवर नापास केलं होतं. आता नुसत्या पायऱ्या पाठवल्यास. शिक्षण वाया गेलं नाही म्हणायचं.

आणि पासवर्ड काय ठेवावा माणसाने! 'नापास बत्तीस', इंग्रजी अक्षरांत, सलग. आई शेजारच्या खुर्चीत बसली होती. मी एकेक अक्षर शोधून दाबत होते आणि ती माझ्या बोटाकडे बघत होती. काही बोलली नाही. बोलू शकत नाही हा भाग वेगळा, पण ती न बोलणं आणि न बोलता येणं यांत अजून फरक ठेवून आहे.

तिच्याकडे सध्या तीन शब्द आहेत. 'चूक', 'पुन्हा' आणि 'पुढे'. चौतीस वर्षं वर्गात वापरून वापरून ते इतके आत गेले असावेत की गुठळीलाही सापडले नाहीत. बाई म्हणतात असं होतं, सवयीचे शब्द वेगळ्या कप्प्यात राहतात. चहा गार असला की 'चूक'. वाटीत आणखी हवं असलं की 'पुन्हा'. आमच्याकडे कोणी सांत्वनाला येऊन बसलं की पाच मिनिटांनी 'पुढे'. संसार चालतो एवढ्यावर. मान हलवून हो-नाही करायला मात्र तयार नाही. वर्गात कोणी नुसती मान हलवली तर ती काय म्हणायची ते आठवतं ना? देवाने तोंड कशाला दिलंय. तोच नियम तिने स्वतःला लावलाय.

तीनच शब्द, तर मग मागच्या पत्रात आशीर्वाद कसे सांगितले, असं तू विचारशील. सवयीने लिहिलं. तुझ्या त्या बत्तीस मार्कांनंतर तुम्ही दोघं एकमेकांशी थेट बोललात कधी? 'सांग त्याला जेवायला ये.' 'सांग तिला भूक नाही.' दोघंही एकाच खोलीत, आणि मी मध्ये आठ वर्षांची. तू मला 'टपाल' म्हणायचास. तू लांब नोकरीला गेलास तरी टपालाची बदली झाली नाही. तेव्हा निरोप नसला तरी बॅगेतून काहीतरी काढून द्यायची हाताला सवय आहे.

असो. पायऱ्यांचा अहवाल.

एक ते तीन झाल्या. चौथीला लाल पट्टी आली: 'सुरक्षित जोडणी प्रस्थापित करण्यात अयशस्वी.' या कॉम्प्युटरला तू आईसाठी मराठी करून ठेवलंस, पण ही मराठी कोणाची ते कळत नाही. आईने पट्टी वाचली आणि 'चूक' म्हणाली. तांत्रिक अर्थाने की भाषेच्या, ते कळलं नाही.

मग रेडिओकाकांना बोलावलं. कोपऱ्यावरचे, चाळीस वर्षं रेडिओ दुरुस्त करायचे ते. आता रेडिओ कोणी आणत नाही म्हणून कॉम्प्युटर बघतात. त्याला 'सेट'च म्हणतात. कानाने कमी ऐकू येतं, त्यामुळे त्यांच्याशी बोललेलं सगळ्या मजल्याला कळतं. त्यांनी काही उघडण्याच्या आधी विचारलं, सेटला आज कुठली तारीख वाटतेय? बघितलं तर कॉम्प्युटरच्या लेखी सोळा वर्षांपूर्वीचा एक जानेवारी चालू होता. आतला छोटा बटणासारखा सेल मेला होता. प्लग काढला की घड्याळ मागे, कारखान्यात भरून दिलेल्या तारखेवर. पलीकडचा सर्व्हर ओळखपत्र दाखवतो, आमचा कॉम्प्युटर त्यावरची तारीख बघून म्हणतो, हे तर अजून जन्मालाही आलेलं नाही, आणि दार लावून घेतो. इतकंच. काकांनी सेल बदलला, तारीख लावली, चौथी आणि पाचवी पायरी सरळ पार.

सहावीला अडकलंय. 'डिस्कवर पुरेशी जागा नाही.' तू लिहिलंस, मोठ्या फाइली शोध आणि उडव. शोधल्या. आईच्या जुन्या प्रश्नपत्रिका होत्या, स्कॅन करून ठेवलेल्या. उडवल्या. तरी तो म्हणतोय जागा नाही. तीनदा केलं. जेवढी आधी होती तेवढीच जागा दाखवतो.

सहावी कशी ओलांडायची ते कळव.

तुझी बहीण


१९ मार्च

दादा,

तुझा कागद आला. या वेळी एकच ओळ. 'प्रश्नपत्रिकांनी डिस्क भरत नाही. काय होतं त्यात?'

हे विचारशील असं वाटलंच होतं, आणि गेल्या आठवड्यापर्यंत मी याचं उत्तर वेगळं देणार होते. मनात तयारही होतं. नातेवाइकांच्या लग्नांचे व्हिडिओ वगैरे. पण मागच्या आठवड्यातल्या मंगळवारी जे झालं त्यानंतर ते उत्तर चालण्यासारखं राहिलं नाही, म्हणून जे झालं ते लिहिते.

तुझा कागद यायची वाट न बघता मी रेडिओकाकांना परत बोलावलं. आई नेहमीच्या खुर्चीत. दिवसा तिला सांभाळायला येणाऱ्या मावशी स्वयंपाकघरात. काकांनी दोन मिनिटं खुडबुड केली आणि म्हणाले, "ताई, जागा कशी होणार? टाकलेलं सगळं कचऱ्याच्या डब्यात तसंच पडलंय. डबा रिकामा केला नाहीत तुम्ही."

मला माहीत नव्हतं. खरंच. मला वाटलं, उडवलं म्हणजे उडालं. दहा हजार तक्रारी फाईलबंद केलेली बाई मी, कागद डोळ्यांआड झाला म्हणजे संपला असं मानणारी.

मी म्हटलं, करा रिकामा. त्यांना ऐकू आलं नाही. म्हणाले, "एवढ्या मोठ्या फाइली, बघून तरी टाका. लोक मागाहून रडत येतात माझ्याकडे." मी परत ओरडून सांगेपर्यंत त्यांनी पहिली बाहेर काढून उघडलीसुद्धा. आवाज त्यांच्या कानाच्या हिशेबाने लावलेला.

पडद्यावर तू. निळा स्वेटर, मागे रिकामी खोली. आणि घरभर तुझा आवाज, "आई, मी आहे. आज ताई मध्ये नाही, म्हणून सरळ तुझ्याशीच बोलतोय."

तू मला ताई म्हणतोस हे मी विसरले होते. मोठा असून.

पुढचं तुला पाठ असेल, तरी लिहिते, कारण मी ते तेव्हा पहिल्यांदा नीट ऐकलं. तू खोली दाखवलीस. तिची खाट कुठे लावणार ते दाखवलंस. खिडकीबाहेर शाळेचं मैदान आहे, घंटा इथपर्यंत ऐकू येते, तुला करमेल म्हणालास. मग कॅमेऱ्याजवळ सरकलास. आणि म्हणालास, "ताईने सांगितलं तू नाही म्हणालीस. म्हणाली असशील. पण मला तुझ्या तोंडून ऐकायचंय. हो किंवा नाही. एका शब्दाचं काम आहे आई, पायऱ्या नकोत."

काका म्हणाले, "कोण हा?" मी म्हटलं, भाऊ. "बाहेरगावी असतो?" हो. "आवाज चांगला आहे. रेडिओवर चालला असता." मग त्यांनी आईकडे पाहिलं आणि त्यांचं त्यांना काहीतरी उमगलं असावं. आवाज कमी केला, चहा न घेता गेले.

अशा एक्केचाळीस होत्या. तुला आकडा माहीत असणारच. तू तो फोल्डर जोडून गेला होतास, तिकडे तू टाकलंस की इकडे आपोआप यायचं. फोल्डरला तू नाव दिलं होतंस, 'आईसाठी'. आई कॉम्प्युटरला हात लावत नव्हती, तिच्या मते ते कॉपी करायचं यंत्र. तेव्हा उघडायची मीच. सव्वा वर्ष तू पाठवत होतास आणि मी तिला सारांश सांगत होते. अठरा मिनिटांचं तुझं बोलणं मी 'बरा आहे, तिकडे थंडी फार म्हणतो' असं पोचवलं. तू तिच्या गुडघ्यांसाठी डॉक्टरची चौकशी केलीस, ते मी पोचवलंच नाही, कारण ते सांगितलं की पुढचं सांगावं लागलं असतं.

आता पुढचं. तू सहा वर्षांपूर्वी आलास, तिला कायमची न्यायला. मला बाजूला घेऊन म्हणालास, विचार तिला. मी विचारलं. आई म्हणाली, "सांग त्याला, येते. पण स्वयंपाकघरात मला कोणी शिकवायचं नाही." हे तिचे शब्द, एकही बदललेला नाही. मी बाहेर येऊन तुला सांगितलं, नाही म्हणते. आणि तू गेल्यावर आत जाऊन तिला सांगितलं, दादाला या वर्षी जमत नाहीये. पुढच्या वर्षीही तेच सांगितलं. तिसऱ्या वर्षी तिने विचारणं सोडलं. तुमच्यातल्या कोणीही एकदा तरी सरळ विचारलं असतं तर मी पहिल्याच दिवशी पकडले गेले असते. पण तुम्ही दोघं मला ओळखता त्यापेक्षा मी तुम्हाला जास्त ओळखते.

का केलं, याला मोठं कारण नाही. ती गेली असती तर या घरात मी, दोन खोल्या आणि दुसऱ्या दिवशीच्या तक्रारी. मला ते नको होतं. तेव्हा मला वाटलं होतं, एखादं वर्ष ढकलू. खोटं एकदा लागू झालं की त्याला दर वर्षी मुदतवाढ मिळते, हे आमच्या ऑफिसात बसून मला माहीत असायला हवं होतं.

तुझा कागद आल्यावर, सहावी पायरी वाचून, मी त्या एक्केचाळीस निवडल्या आणि उडवल्या. प्रश्नपत्रिका लिहिलं ते खोटं. जानेवारीचा उशीरही ऑफिसमुळे नव्हता. अपडेट करायचं तर तुला लिहावं लागणार हे मला पहिल्या दिवसापासून दिसत होतं. आईच्या सहा महिन्यांतला एक महिना मी त्यात घालवला. हे सगळ्यात वाईट आहे, म्हणून शेवटी लिहिलं.

आईने पहिली संपल्यावर माझ्याकडे तोंड वळवलं आणि म्हणाली, "चूक." मग पडद्याकडे बघून, "पुढे."

एक्केचाळीस पुऱ्या करायला तीन दिवस लागले. शेवटची नऊ सेकंदांची आहे, नुसतं 'बरं आई, कळलं.' ती तिने चार वेळा लावायला लावली.

बहीण


२ एप्रिल

दादा,

मागच्या पत्राचं उत्तर नाही. येईल असं धरलंही नव्हतं. पायऱ्यांचा हिशेब अर्धवट राहिला होता तो पुरा करते, कारण कॉम्प्युटर तुझा आहे आणि तुला कळायला हवं.

तुझ्या एक्केचाळीस काकांनी वेगळ्या डिस्कवर घेतल्या. ती डिस्क आईच्या उशाखाली असते. तिथून ती मी हलवू शकत नाही, मावशीही नाहीत. डिस्क तापत नाही ना, उशीचा त्रास होत नाही ना, एवढं फक्त मी चेपून बघते, ती झोपलेली असताना.

मग जागा झाली आणि अपडेट सुरू झालं, रविवारी सकाळी नऊला. 'आपला संगणक बंद करू नका.' आई जाऊन समोर बसली. परीक्षेच्या हॉलवर बसायची तशी, हात मांडीवर, नजर सरळ. पंचेचाळीस टक्क्यांपर्यंत भराभर गेलं. त्र्याहत्तरला थांबलं. एक तास, दोन तास, त्र्याहत्तर. मी दोनदा उठले, प्लग काढून परत लावावा म्हणून. आईने डावा हात आडवा धरला. तिच्या वर्गातली अशी पोरं असणार, त्र्याहत्तरवर विचार करत बसलेली, आणि त्यांना वेळ द्यायचा असतो हे तिला माहीत असणार. तुला दिला नाही, ते निराळं.

सव्वादोनला कॉम्प्युटरने आपणहून जाहीर केलं की बदल मागे घेत आहे. मागे घेतले. सकाळी होता तिथे. 'काहीतरी चुकले.' एवढंच, काय चुकलं ते नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या साहेबांची आठवण झाली.

आई म्हणाली, "पुन्हा."

काकांनी फोनवर सांगितलं, सेटला प्रिंटर, माइक, जे जे लटकवलंय ते सगळं काढा, मग करा. काढलं. प्रिंटर पाच वर्षं कोणी वापरलेला नाही, पण अडवून तोच बसला होता. ज्याचं काही काम नाही तोच मध्ये अडकतो, हे मी कोणाला उद्देशून लिहीत नाहीये. दुसऱ्या खेपेला त्र्याहत्तर, चौऱ्याहत्तर, आणि चार वाजून दहा मिनिटांनी 'आपले स्वागत आहे.'

थेरपिस्ट बाईंचं सॉफ्टवेअर आत आलं. छत्री. किल्ली. पेला. प्रत्येकाला आई म्हणते, "पुढे." बारा चित्रं झाली की एक गोड आवाज सांगतो, 'छान! तुम्ही उत्तम प्रगती करत आहात.' त्यावर ती म्हणते, "चूक." आयुष्यात कोणाला फुकट शाबासकी दिली नाही, ती घेईल कशी.

बाईंना कळवलं. त्या म्हणाल्या, तिला छत्री म्हणायचीच नसेल तर छत्री कशाला, तिला काय म्हणायचंय ते शोधा. मी शब्दांची यादी पडद्यावर उघडून दिली. चारशे शब्द. आईने डाव्या हाताचं बोट खाली खाली नेलं. वीसेक मिनिटं लागली. एका जोडीवर थांबलं. 'हो' आणि 'नाही', दोन्ही एकाच धड्यात आहेत.

आता रोज दोन तास तोच धडा. गोड आवाज म्हणतो 'हो', आई तोंड उघडते, हवा बाहेर येते. तो म्हणतो 'नाही', आई म्हणते, "पुढे."

माझ्याशी बोलत नाही. तीन शब्द आहेत, त्यांतही माझ्यापुरती काटकसर. चहा गार असला तरी पिते. तो गार आहे हे मला कपावरून कळतं, तिच्याकडून नाही. मावशींनी विचारलं, ताई तुमचं काही झालंय का. मी म्हटलं, जुनं आहे.

बहीण


२४ एप्रिल

दादा,

नंबर तोच आहे.

तू तेवढंच विचारलंस म्हणून तेवढंच लिहून पाकीट बंद करणार होते. पण फोन करणार असशील तर काही गोष्टी आधी माहीत हव्यात.

सतरा तारखेला, गुरुवारी सकाळी, मी ऑफिसला निघताना चपला घालत होते. मावशींनी कॉम्प्युटर लावून दिला होता. तो गोड आवाज रोज धडा सुरू करायच्या आधी विचारतो, 'तुम्ही तयार आहात का?' विचारून तो थांबतही नाही, लगेच पुढे जातो, कारण उत्तराची त्याला गरजच नसते. आतून आवाज आला, "हो."

मला वाटलं मावशी. आत जाऊन बघितलं तर मावशी पदर तोंडाला लावून उभ्या होत्या आणि आई पडद्याकडे बघत बसली होती, जसं काही झालंच नाही. मी म्हटलं, आई, परत म्हण. तिने माझ्याकडे बघितलं. मग पहिल्यांदा, त्या मंगळवारनंतर पहिल्यांदा, मला उद्देशून एक शब्द खर्च केला. "पुढे," म्हणाली. म्हणजे ऑफिसला जा.

गेले. त्या दिवशी एका माणसाने चौथ्यांदा येऊन त्याच नळाची तक्रार केली आणि मी स्वतः दुसऱ्या मजल्यावर कागद घेऊन गेले. तिथले लोक मला ओळखत नव्हते. तेवीस वर्षं खालीच बसून आहे मी.

आता तपशील. 'हो' सकाळी येतो. नऊ ते साडेदहा. दुपारी दहा वेळांतून दोनदाच, संध्याकाळी तेवढाही नाही. सकाळी दहातले सहा-सात येतात, पण आधी एक श्वास जातो, त्यामुळे पलीकडे काहीच नाही असं वाटेल. ठेवू नकोस. फोन तिच्या डाव्या बाजूला स्टुलावर ठेवलाय. डाव्या हाताने उचलायला तिला वेळ लागतो, तेव्हा सात-आठ रिंगा होऊ देत. काकांनी त्याचा स्पीकर मोठा करून दिलाय, आणि तो त्यांच्या कानाच्या मापाने आहे, म्हणून ओरडू नकोस. कॅमेऱ्याचा आग्रह धरू नकोस. तोंड उजवीकडे उतरलंय आणि ते तिला कोणाला दाखवायचं नाही, निदान तुला तरी.

पत्र पोचायला वेळ लागतो, म्हणून बारा मेला, सोमवारी कर. सोमवारी मावशींना मी बाजारात पाठवणार आहे आणि मी नऊ वाजता ऑफिसात असेन. घरात तिच्याशिवाय कोणी नाही. तू काय विचारलंस आणि ती काय म्हणाली ते मला संध्याकाळीही कळणार नाही, कारण ती सांगू शकत नाही आणि मी विचारणार नाही.

एक गोष्ट मात्र तुला सांगणं भाग आहे. तिने 'नाही' एकदाही म्हटलेलं नाही. तो धडा ती सोडूनच देते. बाईंनी दोनदा बजावलं, दोन्ही शिकायला हवेत, नाहीतर लोक काहीही विचारतील आणि या हो म्हणत बसतील. आई त्यांच्याकडे अशी बघत राहिली की बाईंनी वही मिटली. तेव्हा सोमवारी तू जो प्रश्न विचारशील त्याचं उत्तर 'हो' येणार, किंवा काहीच येणार नाही. ती खोली अजून रिकामी आहे की नाही मला माहीत नाही. खिडकी त्याच बाजूला असेल. प्रवासाला अजून दोन महिने नको, असं डॉक्टर म्हणतात, त्यानंतर चालेल. हे मी डॉक्टरांना स्वतःहून विचारलं.

तिचे कपडे थोडे आहेत. दोन बॅगांत होतील.

तुझी बहीण